दिवंगत कार्यकर्त्याच्या स्मरणार्थ: पाटी की पुस्तिका?

टाचणी: आमच्या गटातले एक जुने कार्यकर्ते गेले. निवडणुकीत दारोदार फिरणं, एरवी रक्तदान शिबिरात खुर्च्या लावणं. पद कधी घेतलं नाही. स्मृतिसभा तीन आठवड्यांवर आहे. ते बसायचे त्या बागेतल्या लाकडी बाकावर छोटी पाटी लावावी की 16 पानी पुस्तिका काढावी? पैसे बेताचे, दोन्ही जमणार नाही. पितळेची पाटी चालेल का?

खडूवाला: पितळ नको, उघड्यावर लगेच काळवंडतं. स्टेनलेस स्टील घ्या, 316 ग्रेड, 1.5 मिमी. अक्षरं कोरून रंग भरलेली हवीत, नुसती छापलेली उन्हात उडतात. स्क्रूही स्टीलचेच, नाहीतर गंजाचे ओघळ पाटीवर उतरतात.

दगडफोड्या: दोन्ही करा. बाकामागे ग्रॅनाइटची शिळा, 60×40 सेमी, 20 मिमी जाड.

खडूवाला: ती 13 किलोची होते. बेताचे पैसे म्हटलंय, वाचलं का?

कानामात्रा: धातू राहू द्या, मजकूर बघा. ‘स्मृतिप्रीत्यर्थ’: ति ऱ्हस्व, प्री दीर्घ. आणि युनिकोड मजकूर कोरणाऱ्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. फॉन्टचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं रेषाचित्र करून, पीडीएफ द्या. मूळ मापाचा प्रिंट बाकावर चिकटवून वाचून बघा.

नेमकं_बोला: ‘स्मरणार्थ’ लिहा. एक अक्षर वाचतं, चुकायलाही वाव कमी.

कानामात्रा: अक्षरं वाचवायला तो तार आहे का?

झोळी: पुस्तिकाच काढा. ए-5, मध्ये दोन पिना. पानं चारच्या पटीत लागतात, 16 बरोबर आहे. फोटो व्हॉट्सॲपवर साधे मागवू नका, बहुतेकदा लांब बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास येते. छपाईच्या 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरले तर, ते जेमतेम साडेतेरा सेंटीमीटर, आणि पान 21 सेमी उंच. डॉक्युमेंट म्हणून मागवा. जुने प्रिंट 600 डीपीआयला स्कॅन करा. कात्रणांना स्कॅनरमधलं ‘डीस्क्रीन’ (छपाईचे ठिपके पुसणारी सोय) चालू ठेवा, नाहीतर फोटोंवर जाळी दिसते. जुन्या प्रिंटना, कात्रणांना लॅमिनेशन अजिबात नको. चिकटलेलं प्लास्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही.

खडूवाला: 316 सांगितलंय, 304 नाही. खाऱ्या हवेत 304 वर तपकिरी डाग येतात.

वळण: बाक कुणाचा? सार्वजनिक असेल तर आधी लेखी परवानगी. पक्षचिन्ह घातलंत तर बहुधा तिथेच अडेल. परवानगी तीन आठवड्यांत येईलच असं धरू नका. सभेत पाटी टेबलावर ठेवा, बसवा नंतर.

झोळी: त्यांच्या वह्या, मतदारयाद्या कुठे आहेत? घर आवरताना आधी त्याच रद्दीत जातात. समासात पेन्सिलीने ‘जिना चढवत नाही, गाडी पाठवणे’, ‘दुपारी झोपतात’ असं लिहिलेलं सापडेल. तसलं एक पान दहा भाषणांना भारी. पण नाव, पत्ता, फोन झाकल्याशिवाय छापू नका. काळ्या पेनावरही भरवसा नको, स्कॅनमध्ये खालचं वाचता येतं. वर कागदाची पट्टी ठेवून मग स्कॅन करा.

खडूवाला: तेच म्हणत होतो, पाटी सोपी.

टाचणी: सगळ्यांचे आभार. वह्या आज ताब्यात घेतल्या, पुस्तिका पुढच्या वर्षी बघू. सध्या पाटी, पितळेचीच, चिन्ह न घालता. स्टीलची लिफ्टमधल्या सूचनेसारखी दिसते. पुसायला आम्ही पाळीपाळीने जाऊ.

खडूवाला: ऐकायचं नव्हतं तर विचारलंत कशाला? असो. पॉलिश अक्षरांच्या खाचांत पांढरं साचतं, मऊ टूथब्रशने काढा. आणि पुसताना पाटीभोवती कागदी टेप लावा, लाकडावर काळे डाग पडतात.