मदत हवी आहे : कैदी क्रमांकावरून विमानसैनिकाचा शोध

लेस्टरमध्ये शेजारच्या आजींकडे त्यांच्या मामांचा, दुसऱ्या महायुद्धातला युद्धकैद्याचा जस्ताचा बिल्ला आहे. मधोमध भोकांची रांग, दोन्ही अर्ध्यांवर 'स्टालाग लुफ्त ३' (सागान इथली, जर्मनांची कैदी विमानसैनिकांसाठीची छावणी) आणि एकच कैदी क्रमांक. मामा लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानावर नॅव्हिगेटर (मार्ग ठरवणारे), ३०-३१ मार्च १९४४ च्या न्यूरेम्बर्ग हल्ल्यात (एका रात्रीत ९५ बॉम्बर गेले!) त्यांचं विमान पडलं आणि ते कैदी झाले. जानेवारी १९४५ मध्ये सागानहून बर्फातून चालत निघाले, एवढंच आजींना माहीत.

ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या सूचीत डब्ल्यूओ ४१६ या संग्रहातली, जर्मनांनी युद्धकैद्यांची बनवलेली कार्डं नावानं शोधली. त्याच नावाचे चौघे निघाले. जन्मतारीख, सेवा क्रमांक, स्क्वाड्रन काहीच ठाऊक नाही. आजींना प्रवास झेपत नाही, आणि चारही कार्डांच्या प्रती मागवायचा खर्च टाळायचाय. छावणी आणि कैदी क्रमांक, एवढ्यावरून सेवा क्रमांक किंवा स्क्वाड्रन सांगणारी यादी घरबसल्या कुठे पाहता येईल?