शब्दचर्चा : इंग्लंडमधल्या ‘सर्क्युलर वॉक’ला मराठीत काय म्हणावं?

(टिपणकाराचा प्रश्न आणि त्यावर टोपणनावांनी आलेली उत्तरं)

प्रश्न (टिपणकार)

नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन गावाभोवतीच्या पायी फेरीचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे आईवडील येतात, तीन-चार महिने राहतात, रोज चालायला जातात. पत्रक हातात घेऊन त्यांना वाट चुकता कामा नये. अडलेले शब्द तीन : ‘सर्क्युलर वॉक’, ‘पब्लिक फुटपाथ’ आणि ‘स्टाइल’ (केसांची नव्हे, कुंपण ओलांडायला केलेली). सध्या ‘वर्तुळाकार भ्रमंती’, ‘सार्वजनिक पदपथ’ आणि ‘कुंपण-उल्लंघ’ असं लिहिलं आहे. तिन्ही शब्द वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

पाणंद

‘वर्तुळाकार’ काढून टाका. नकाशावर ही वाट वर्तुळ कधीच नसते. प्रत्येक शेताच्या कोपऱ्यात काटकोनात वळते. निघालो तिथेच परत आलो, एवढंच सांगायचं आहे आणि ते ‘फेरी’ या एका शब्दात येतं. गावफेरी, प्रभातफेरी यांत ‘परत येणे’ वेगळं सांगावं लागत नाही.

‘परिक्रमा’ आणि ‘प्रदक्षिणा’ सुचतील, पण दोन्हींना मध्यभागी पूज्य असं काही लागतं. शिवाय प्रदक्षिणेची दिशा ठरलेली असते. इथे फेरी दोन्ही बाजूंनी करता येते. मात्र पत्रक एकाच दिशेने लिहिलेलं असतं. उलट निघालं की सगळे डावे-उजवे फिरतात आणि ‘कुंपणातल्या फटीतून बाहेर पडा’ अशी वाक्यं निरुपयोगी होतात, कारण ती फट त्या बाजूने झाडीत दिसतच नाही. म्हणून पहिल्याच ओळीत लिहा : ‘ही फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने लिहिली आहे.’

माझं मत : शिवारफेरी. गाव, भोवतालची शेतं, ओढे, गायरान हे सगळं ‘शिवार’ या शब्दात आहे. कृषी विद्यापीठांच्या शिवारफेऱ्या सगळ्यांनी पाहिल्या-ऐकल्या आहेत, त्यामुळे शब्द नवा वाटणार नाही.

सातबारा

शिवारफेरीला पाठिंबा. ‘फुटपाथ’बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे शब्द चुकला तर माणूस चुकेल.

मराठीत फुटपाथ म्हणजे शहरातल्या रस्त्याकडेची फरशी. इंग्लंडात तिला ‘पेव्हमेंट’ म्हणतात, आणि तिथला ‘पब्लिक फुटपाथ’ शेतातून, कधी कधी घराच्या अंगणातूनही जातो. ‘सार्वजनिक पदपथ’ वाचून ज्येष्ठ माणूस फरसबंदी शोधत बसेल. बरं, नुसतं ‘पायवाट’ लिहून भागत नाही. पायवाट म्हणजे पायांनी मळलेली, डोळ्यांना दिसणारी वाट. इंग्लंडातला पब्लिक फुटपाथ जमिनीवर अजिबात दिसत नसला तरी असतो, कारण तो मुळात हक्क आहे. आणि ठळक मळलेली वाट दिसली तरी तिच्यावर हक्क असेलच असं नाही.

यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे : वहिवाट. वापर आणि वापरातून पक्का झालेला हक्क, दोन्ही त्यात आहेत. इंग्लंडच्या १९८०च्या हायवेज ॲक्टप्रमाणे लोकांनी २० वर्षं अडथळ्याविना, हक्काने वाट वापरली, तर मालकाने ती लोकांना दिली असं धरलं जातं (मालकाचा तसा इरादा नव्हता असा पुरावा नसेल तर). आपल्याकडच्या १८८२च्या सुविधाधिकार कायद्यातही मुदत २० वर्षांचीच आहे. फरक असा, की आपली वहिवाट बहुधा एका शेतकऱ्याची असते, स्वतःच्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून. तहसीलदाराकडे भांडणं चालतात ती याचीच. तिथला हक्क कोणाचाही आहे. कालच विमानातून उतरलेल्या पाहुण्याचासुद्धा. म्हणून पहिल्यांदा ‘सार्वजनिक वहिवाट’ लिहा आणि पुढे ‘वहिवाट’ चालू द्या.

प्रकार आणि खांबावरच्या बाणाचे रंग असे : पिवळा बाण, फक्त पायी. निळा बाण म्हणजे ‘ब्रायडलवे’. पायी, घोडा आणि सायकल. याला घोडेवाट म्हणावं. लाल बाण म्हणजे मोटारीसह सगळ्यांना खुली गाडीवाट. जांभळा बाणही गाडीवाटेचाच, पण तिथे मोटार चालत नाही. पाचवी गोष्ट ‘परमिसिव्ह पाथ’. ही मालकाच्या मर्जीने खुली असते, कधीही बंद होऊ शकते. तिला मुभेची वाट म्हणा. ‘अनुज्ञप्त मार्ग’ लिहू नका.

नकाशाबद्दलही दोन ओळी हव्यात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचा नारिंगी मुखपृष्ठाचा ‘एक्सप्लोरर’ नकाशा १:२५,००० प्रमाणाचा आहे. ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. त्यावर शेताशेताचं कुंपण दाखवलेलं असतं. गुलाबी ‘लँडरेंजर’ १:५०,००० चा, त्यावर कुंपणं नसतात, आणि शिवारफेरीत सगळी वाट कुंपणांवरूनच ओळखायची असते. एक्सप्लोररवर हिरव्या तुटक रेषा वहिवाटीच्या. आखूड तुकडे पायी, लांब तुकडे घोड्यासाठी. काळ्या तुटक रेषा म्हणजे जमिनीवर वाट आहे, हक्काची हमी नाही. नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक इथेच होते : काळ्या रेषेवर भरवसा ठेवून तो कोणाच्या तरी खळ्यात जाऊन उभा राहतो.

गडगा

‘स्टाइल’साठी ‘उल्लंघ’ नको, ‘पायरी’ही नको. पायरीने माणूस वर जातो. इथे वर जाऊन पलीकडे उतरायचं असतं. क्रियापद ‘ओलांडणे’ आहे, तर नाम ओलांडणी करू या. चढणी, उतरणी या ओळीत ते सहज बसतं.

प्रकार सांगणं भाग आहे, कारण गुडघे दुखणाऱ्याला घरीच ठरवावं लागतं. लाकडी कुंपणात एक-दोन आडव्या फळ्या आरपार घातलेल्या असतात, शेजारी हाताला धरायला उंच खांब. ही फळ्यांची ओलांडणी. दगडी गडग्यावर दोन्ही बाजूंना टेकलेली शिडी असते. ती शिडीची ओलांडणी. (सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी भिंतीला कोकणात गडगाच म्हणतात, ‘शुष्क पाषाण भिंत’ लिहू नये, ही विनंती.) तिसरी म्हणजे दोन उभ्या दगडांमधली फट, वर रुंद आणि खाली अरुंद. माणसाचे पाय एकामागून एक निघतात, मेंढी अडकते.

घसरतात ते बहुधा उतरताना. फळीवर शेवाळ असतं, पाऊस नसतानाही दवाने ती ओली राहते. खांब धरून, तोंड कुंपणाकडे ठेवून, शिडी उतरतो तसं उतरावं. पुढे तोंड करून उडी मारू नये, कारण सगळे तिथेच पाय टाकतात आणि नेमका तिथेच चिखलाचा खड्डा झालेला असतो.

आता ‘किसिंग गेट’. कोणी ‘चुंबनद्वार’ लिहिलेलं वाचलं आहे. या ‘किस’चा अर्थ हलकेच टेकणे. अर्धगोल किंवा त्रिकोणी कोंडाळं असतं, त्याच्या आत एक फाटक झुलतं आणि त्याची कड कोंडाळ्याच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने टेकते. मराठीत आपण कडी न लावता दार ‘भिडवतो’. तेच इथे घडतं, म्हणून भिडतं फाटक. कडी नसल्याने उघडं राहण्याची भीतीच नाही. वापर असा : फाटक पुढे ढकला, कोंडाळ्यात शिरून कोपऱ्यात सरका, फाटक आपल्या अंगासमोरून मागच्या टोकाला भिडवा, मोकळ्या झालेल्या बाजूने बाहेर पडा. एका वेळी एकच माणूस. पाठीवर मोठी पिशवी असेल तर माणूस कोपऱ्यात अडकतो आणि फाटक पुढे-मागे होत नाही. पिशवी आधी काढून डोक्याच्या वर धरावी. बाबागाडी यातून बहुधा जात नाही, हे पत्रकात ठळक लिहा.

औत

लॅक्स्टन निवडलंत म्हणून आनंद झाला. मध्ययुगातली खुल्या शेतांची पद्धत इंग्लंडात अजून चालू असलेलं गाव म्हणजे हेच. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड, मिल फील्ड ही तीन मोठी शेतं. त्यांत मध्ये कुंपण नाही, वेगवेगळ्या कुळांच्या पट्ट्या आहेत. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक. दर वर्षी पाळी फिरते. म्हणून पत्रकात ‘गव्हाच्या शेतातून जा’ असं लिहू नका, पुढच्या वर्षी तिथे गहू नसेल. शेताचं नाव लिहा.

‘फील्ड’ला इथे ‘शेत’ म्हणणंही तोकडं पडतं. अख्खं मिल फील्ड म्हणजे आपल्याकडचा ‘थळ’ किंवा ‘पट्टा’ म्हणावा एवढा भाग. ‘मिल फील्डचं रान’ कसं वाटतं?

‘रिज अँड फरो’ हा शब्द पुढे येईलच. कृषी शब्दकोशाप्रमाणे ‘सरी-वरंबा’, आणि इथे तो फसवा आहे. आपल्या उसाच्या दोन सऱ्यांत अंतर ३ ते ५ फूट. मिडलँड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या, चिकणमातीतले ते जुने वरंबे साधारण ५ ते १० मीटर रुंद, काही ठिकाणी गुडघ्याएवढे उंच. कामही उलटं आहे : आपली सरी पिकाला पाणी द्यायला, तिथली पाणी काढून टाकायला. नांगराचा फाळ माती एकाच बाजूला, उजवीकडे, पलटायचा. पट्टीभोवती फेऱ्या घेत नांगरलं की माती दर वर्षी मध्याकडे चढायची, आणि शतकांनी वरंबा झाला. आठ बैलांचं लांब औत टोकाला वळवायचं तर आधीपासूनच वाकावं लागे, म्हणून त्या ओळी उलट्या ‘एस’सारख्या किंचित वळलेल्या दिसतात. पुढे मेंढ्यांसाठी गवत ठेवलं आणि नांगर थांबला, म्हणून त्या टिकल्या. ‘नांगरटीचे जुने रुंद वरंबे’ असं सरळ लिहा. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना ते स्पष्ट दिसतात; भर दुपारी समोर असूनही ओळखू येत नाहीत. हिवाळ्यात ते आडवे कापत जायची वेळ आली तर प्रत्येक सरीत पाणी असणार. घोट्यापर्यंतचे बूट हवेत.

एक जोड द्यावीशी वाटते. ‘फर्लांगभर’ हा शब्द आपण अजून वापरतो. फर्लांग म्हणजे एका तासाची लांबी, हे ‘तास’ नांगराचं. २२० यार्ड, म्हणजे ६६० फूट. तेवढी लांब आणि २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट रुंद पट्टी झाली एक एकर. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी तीच, २२ यार्ड. आता आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट. त्या पट्टीत लांबीला २० गुंठे, रुंदीला २, एकूण ४०. सातबारावर ज्या मापाने जमीन वाचतो, त्याचा आकार त्या पट्टीत पायांनी मोजता येतो. पत्रकात हे नक्की घ्या.

पाणंद

लॅक्स्टनमधला आणखी एक शब्द राहतोय. हिवाळी गहू पेरला की नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला गावचे ‘ज्युरी’ त्या शेतात फिरतात, पट्ट्यांच्या हद्दीवर खुंट्या ठोकतात, कोणी रस्त्यात किंवा सामाईक गवतात नांगर घातला असेल तर दंड सुचवतात. ‘ज्युरी’ म्हणजे कोर्टातले वाटतील; पंच म्हणा. आणि गुन्ह्याला शब्द तयारच आहे : बांध कोरणे. तिथे पट्ट्यांना बांध नसतो, पण मराठी वाचकाला एका शब्दात सगळं कळेल. ‘हद्द कोरणे’ केलं तर अर्थही चुकणार नाही.

‘कॉमन’ला गायरान म्हणताना मात्र थांबा. गायरान सरकारी असतं. इंग्लंडातलं ‘कॉमन’ बहुतेकदा कोणाच्या तरी मालकीचं असतं, चराईचा हक्क ठरावीक घरांचा. ‘सामाईक कुरण’ बरं.

रिठी

उजाड गावांसाठीही शब्द नोंदवून ठेवा. यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ओस पडलं. आता छप्पर नसलेलं सेंट मार्टिन चर्च आणि गवताखाली घरांचे उंचवटे आहेत. १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं तिथे उत्खनन चाललं. ‘परित्यक्त ग्राम’ वगैरे कशाला? महसुली कागदात बेचिराग गाव आहे, विदर्भात रिठी. दिवा न लागणारं गाव.

सातबारा

नांगरटीचा कायदा राहिला. शेतातून आडवी जाणारी पायी वहिवाट शेतकरी नांगरू शकतो. पण पेरणीसाठी पहिल्यांदा मोडली तर १४ दिवसांत आणि त्याच पिकासाठी पुन्हा मोडली तर २४ तासांत ती सारखी करून रेघ दिसेल अशी करावी लागते. रुंदी किमान १ मीटर, घोडेवाट असेल तर २. कुंपणाकडेची वहिवाट नांगरताच येत नाही. तिथे किमान १.५ मीटर. मे महिन्यात रेपचं (मोहरीच्या जातीच्या तेलबियांचं) पिवळं पीक छातीएवढं होऊन वाट बुजते. तरी हक्क त्या रेघेवरच असतो : बाणाच्या रोखाने, एकामागून एक चालत जावं.

आणि पाटीवरच्या ‘बुल’ला ‘बैल’ लिहू नका. बैल खच्ची केलेला, कामाचा. ‘बुल’ म्हणजे वळू. दुभत्या जातींचा १० महिन्यांवरचा वळू वहिवाटीच्या शेतात मोकळा ठेवायला मनाई आहे. इतर जातींचा ठेवता येतो, पण सोबत गाई किंवा कालवडी हव्यात. खरा धोका वासरं असलेल्या गाईंचा, विशेषतः सोबत कुत्रा असेल तर. वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नये. गाय अंगावर आलीच तर कुत्र्याचा पट्टा सोडून द्यावा.

टिपणकार

सगळं घेऊन एक नमुना उतारा केला, ठिकाणांची नावं गाळून :

‘भिडत्या फाटकातून शिवारात या. पिवळ्या बाणाच्या रोखाने शेत आडवं कापा. समोर चर्चचा मनोरा दिसेल, त्याच्या किंचित डावीकडे चाला. कोपऱ्यात फळ्यांची ओलांडणी आहे, पलीकडे उतरताना खांब धरा. तिथून बांध उजव्या हाताला ठेवून दोन फर्लांग जा. पुढे पाणंद लागते.’

गडगा

‘बांध’ काढा. तिथे असतं ते हॉथॉर्न या काटेरी झुडपाचं जिवंत कुंपण, पुरुषभर उंच. बांध शोधणारा माणूस खाली बघत राहील. ‘जिवंत कुंपण उजव्या हाताला ठेवून’ लिहा. ‘पाणंद’ मात्र तशीच ठेवा, दोन्हीकडे झाडी असलेली अरुंद वाट दुसऱ्या कशानेच डोळ्यांपुढे येत नाही.