मौराच्या चिन्हावरची मेलेली मुलगी

शिलालेख: इथल्याच एका पोस्टीत वाचलं: पोर्तुगालमधल्या मौरा गावाच्या झेंड्यावर मेलेली बाई आहे, असली रानटी चिन्हं पुसून टाका. राहवलं नाही म्हणून लिहितोय. ती सालुकिया, तिथे राज्य करणाऱ्या मूर म्हणजे मुसलमान लोकांतली. दंतकथा अशी की लग्नाच्या दिवशी ती बुरुजावरून नवऱ्यामुलाची, ब्राफामाची, वाट बघत होती. ख्रिस्ती सरदारांनी त्याला वाटेतच वऱ्हाडासकट कापलं, त्यांचे कपडे चढवले आणि वेशीतून आत घुसले. फसगत कळताच हिनं किल्ल्याच्या चाव्या घेऊन उडी टाकली. जिंकणाऱ्यांनी हरलेल्या पोरीला चिन्हावर जागा दिली! पुसलंत तर तिची आठवण जाईल, सरदारांचं काय बिघडणार?

मांडवीकाठ: जागा कुठे दिली? बुरुजाच्या पायथ्याशी, प्रेत म्हणून. शेजारच्या एव्होराचं चिन्ह बघा: घोड्यावर ते शहर मूरांकडून घेणारा सरदार जेराल्डो आणि मूर स्त्री-पुरुषाची कापलेली मुंडकी. आमच्या जुन्या गोव्यातही व्हाइसरॉयच्या कमानीवर बाई फेटेवाल्याला पायाखाली घेऊन उभी आहे. दिवाडी बेटाच्या फेरीबोटीला जाताना आजोबा त्या कमानीखालून कधी वर बघायचे नाहीत. हरलेल्याच्या घरचा माणूस ते चिन्ह कसं बघतो, हे तुम्हाला पुस्तकात नाही मिळायचं.

सह्यवारा: झालं, आला गोवा! विषय मौराचा आहे. आणि ती कमान 1948 मध्ये कोसळली, 1954 मध्ये पुन्हा बांधली, तेव्हा राज्य पोर्तुगीजांचंच होतं.

मांडवीकाठ: म्हणूनच तर बोलतोय. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं 25 नोव्हेंबर 1510 ला, सेंट कॅथरिनच्या दिवशी, गोवा घेतला आणि तिची खूण असलेलं चाक पुढे पोर्तुगीज इंडियाच्या चिन्हावर आलं. आमचा पराभव त्यांच्या कॅलेंडरमधला सण झाला. गोवा तुमच्यासाठी विषयांतर असेल, माझ्यासाठी नाही.

सह्यवारा: आवाज चढवू नका. माझं आजोळ वसईचं. किल्ल्यात पोर्तुगीजांची कोरीव चिन्हं अजून आहेत, आम्ही लहानपणी त्यांच्याखालीच खेळलो. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये किल्ला घेतला, तरी ते दगड राहिले. त्यानं विजय कमी झाला का?

शिलालेख: दगड राहणं आणि नगरपालिकेनं आजही तेच चिन्ह कागदावर, झेंड्यावर मिरवणं यांत फरक आहे. एवढं मांडवीकाठ यांचं मान्य, बाकी नाही. लिस्बनमध्येही बागेत फुलझाडांनी काढलेली वसाहतींची चिन्हं उखडण्यावरून रान पेटलं होतं. शेवटी ती फरसबंदीत दगडांनी बसवली.

मांडवीकाठ: मग माझंही ऐका. पुसू नका, पण तिला बुरुजावर उभी दाखवा, हातात चाव्या द्या. मेलेलीच कशाला हवी?

शिलालेख: तसं करता येईल. पोर्तुगालच्या 1991 च्या कायद्यानं तिथल्या पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेच्या चिन्ह-समितीचं मत घ्यायचं, मग गावच्या सभेत ठराव. पण तो मौराच्या लोकांनी करायचा, आपण नव्हे.