हँडस्टँड आणि लवचिकतेचा प्रशिक्षक होण्यासाठी आधी काय शिकावे?

प्रश्न

गेली ६ वर्षे मी केवळ शरीराच्या वजनावर आधारलेले व्यायाम नियमित करीत आहे. आधाराशिवाय मिनिटभर हातांवर उभे राहता येते, पुढे वाकल्यावर छाती मांड्यांना टेकते आणि पुलअपही व्यवस्थित होतात. आता हेच इतरांना शिकवावे असे मनापासून वाटते. मात्र गेल्या महिन्यात एका मैत्रिणीला शिकवू लागले, तेव्हा ती दर वेळी पाठीच्या बाजूला कलंडत होती आणि ‘पोट आत घे, सरळ राहा’ यापलीकडे मला काही सांगता आले नाही. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम आधी करावा, की एका हातावर उभे राहण्याइतके स्वतःचे कौशल्य वाढवावे?

प्रतिसाद १

एका हातावरचा तोल तूर्त राहू द्या. तुमच्या अंगात जे आपोआप घडते, ते दुसऱ्याच्या शरीरात का घडत नाही, हे ओळखणे हेच प्रशिक्षकाचे खरे काम आहे. शरीर पाठीच्या बाजूला कलंडू लागले की बोटांची टोके जमिनीत दाबून ते परत आणता येते. उलट बाजूला पडू लागले की भार तळहाताच्या मनगटाकडील भागावर येतो आणि तिथून सावरणे बरेच अवघड असते. म्हणून मी नवशिक्याच्या पायांकडे नव्हे, तर त्याच्या नखांकडे पाहतो. बोटे खरोखर दाबली जात असतील तर नखांचा रंग बदलून टोके पांढरी पडतात. रंग बदलतच नसेल, तर बोटे नुसती टेकलेली आहेत असे समजावे.

तरीही दोष बोटांचाच असेल असे नाही. मैत्रिणीला भिंतीला पाठ आणि कंबर टेकवून उभे करा आणि कोपर न वाकवता हात वर न्यायला सांगा. कंबर न सुटता अंगठे भिंतीला लागत नसतील, तर तिचे खांदे पुरेसे उघडत नाहीत. अशी व्यक्ती उलटी झाल्यावर ती उणीव कंबरेची कमान काढून भरून काढते आणि मग ‘पोट आत घे’ ही सूचना कितीही वेळा दिली तरी उपयोग होत नाही.

प्रतिसाद २

लवचिकतेविषयी थोडे लिहिते, कारण इथे चुकीची किंमत शिकणाऱ्याला मोजावी लागते. मी पुढे वाकलेली असताना माझ्या एका प्रशिक्षकाने पाठीवर भार दिला आणि बसण्याच्या हाडापाशी सुरू झालेले दुखणे ८ महिने गेले नाही. ताण स्नायूच्या मध्यभागी जाणवला तर ठीक. हाडाला चिकटलेल्या जागी दुखले, तर तिथेच थांबावे. प्रौढांसाठी १० ते ३० सेकंदांचा ताण, प्रत्येक स्नायूगटाला एकूण सुमारे ६० सेकंद आणि आठवड्यातून किमान २–३ दिवस, एवढे सुरुवातीला पुरते. ताणून मिळवलेल्या कक्षेत स्वतःच्या ताकदीने पाय उचलता येतो का, हेही तपासावे. काहींच्या खुब्याच्या हाडांची ठेवणच अशी असते की पूर्ण स्प्लिट, म्हणजे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून जमिनीला टेकवणे, होणार नाही. त्यांना ते स्पष्ट सांगावे.

प्रतिसाद ३

अभ्यासक्रम जरूर करा, कारण शरीररचना, भार टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे नियोजन आणि प्रथमोपचार हे नुसत्या सरावातून कळत नाही. त्याच काळात एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाच्या वर्गात मदतनीस म्हणून उभे राहा. कोणालाही उलटे करण्यापूर्वी उच्च रक्तदाब, काचबिंदू आणि मनगटाच्या जुन्या दुखापती यांविषयी विचारा. उलटे झाल्यावर डोळ्यांतील दाब वाढतो, हे अनेकांना ठाऊक नसते. आणि तोल शिकवण्याआधी पडणे शिकवा: एक हात उचलून बाजूला वळायचे आणि पाय एकामागून एक खाली आणायचे.

प्रश्नकर्ती

भिंतीची चाचणी आज घेतली. अंगठे भिंतीपासून चार बोटे दूर राहिले आणि अजून मागे न्यायला सांगताच कंबर सुटली. महिनाभर मी तिच्या पोटालाच दोष देत होते.

प्रतिसाद १

मग पुढचे ६ आठवडे आधाराशिवाय उभे राहणे बंद ठेवा. छाती भिंतीकडे करून हातांवर उभे राहणे, त्यात खांदे कानांकडे ढकलणे आणि वेगळ्या वेळी खांदे उघडण्याचे व्यायाम एवढेच द्या. ते चार बोटांचे अंतर दर आठवड्याला मोजून तारखेसह वहीत लिहीत जा.