जेमी लॅनिस्टर शेवटी सर्सीकडेच गेला, मग आधीचं सगळं वाया गेलं का?

दांडियाबाजारची:

नमस्कार बडोदेकर मंडळी. ज्यांचं गेम ऑफ थ्रोन्स अजून बघून व्हायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा, खाली शेवटपर्यंतचं सगळं येणार आहे.

मी आणि माझी नणंद सध्या परत पहिल्यापासून बघतोय आणि जेमीवरून आमचं अजिबात जमत नाहीये. म्हणजे बघा ना, पहिल्याच एपिसोडला हा माणूस दहा वर्षांच्या ब्रॅनला बुरुजाच्या खिडकीतून ढकलतो, का तर पोराने त्याला सख्ख्या बहिणीबरोबर, सर्सीबरोबर, नको त्या अवस्थेत बघितलं, आणि ढकलताना चेहऱ्यावर धड राग पण नाही, वैताग फक्त. मग तिसऱ्या सीझनला त्याचा हात तुटतो आणि हॅरनहॉलच्या त्या हमामखान्यात तो ब्रिएनला, त्याच्याबरोबरच्या त्या लढवय्या बाईला, सगळं सांगतो, की तो ज्याचा अंगरक्षक होता त्या वेड्या राजा एरिसने शहराखाली जागोजागी वाइल्डफायर, म्हणजे भडकणारं स्फोटक द्रव्य, पुरून ठेवलं होतं, शत्रू वेशीशी आल्यावर सगळ्यांना जाळून टाका म्हणून तासन्‌तास ओरडत होता, तेव्हा जेमीने आधी ते पेटवणाऱ्या किमयागाराला मारलं आणि मग राजाच्या पाठीत तलवार घातली. अख्खं शहर वाचलं आणि याच्या वाट्याला आयुष्यभर किंगस्लेयर, म्हणजे राजाचा मारेकरी, ही शिवी आली. तो सीन झाल्यावर मी टीव्ही बंद करून नुसती बसून राहिले होते.

आणि आठव्या सीझनला पाचव्या एपिसोडमध्ये हाच माणूस धाकट्या भावाला, टिरियनला, म्हणतो की लोकांची मला कधी फारशी पर्वा नव्हती, निर्दोष असोत नाहीतर नसोत. आणि जाऊन सर्सीच्या मिठीत ढिगाऱ्याखाली मरतो.

हे दोन्ही एकाच माणसात कसं बसवायचं? नणंद म्हणते लेखकांनी वाट लावली, विषय संपला. मला तसं सोडून देता येत नाहीये कारण मला खरंच वाटतं की या सिरीजमधला सगळ्यात मोठा प्रश्न याच कॅरेक्टरमध्ये आहे. तुम्हाला काय वाटतं सांगा.

मकरपुरा_फर्स्टशिफ्ट:

तुमच्या नणंदेशी 100 टक्के सहमत. 2019 ला आमच्याकडे एपिसोड सोमवारी सकाळी साडेसहाला यायचा, मी सेकंड शिफ्ट मागून घ्यायचो फक्त त्यासाठी, आणि त्या दिवशी इतका राग आला होता की कंपनीत कोणाशी बोललो नाही.

ज्यांवरून सिरीज काढली त्या पुस्तकांत काय आहे माहितीये का. चौथ्या पुस्तकात, 2005 सालचं, सर्सी कैदेत असते आणि त्याला पत्र पाठवते की ये, मला वाचव, माझं तुझ्यावर प्रेम आहे वगैरे, आणि जेमी ते पत्र वाचतो आणि सरळ आगीत टाकायला सांगतो. झालं! याला म्हणतात माणूस बदलला. पाचवं पुस्तक 2011 ला आलं आणि पुढचं अजून आलेलं नाही, तर सिरीजवाल्यांच्या हातातला नकाशाच संपला आणि शेवटच्या सीझनला 6 एपिसोडमध्ये सगळं कोंबलं. दुसऱ्या एपिसोडला ब्रिएनला नाइटहूड देतो, काय सीन आहे तो, चौथ्याला तिला रडत अंगणात सोडून घोड्यावर बसतो. मधे काय झालं? काहीच नाही झालं. सर्सीवर संकट आलं एवढी एक बातमी कानावर आली. एवढ्या बातमीवर माणूस आठ सीझन मागे जातो का?

फाइनआर्ट्सवाली:

जातो. आणि मला वाटतं तो मागे गेलाच नाही, तो तिथेच होता, आपल्याला तो आवडायला लागला म्हणून आपण ते बघायचं सोडून दिलं.

दुसऱ्या सीझनला आठवा, कैदेतून सुटायला स्वतःच्या चुलतभावाला मारतो, त्या पोराचा तर हा हिरो होता, कौतुकाने बोलत बसला होता बिचारा. चौथ्या सीझनला सेप्टमध्ये, म्हणजे त्यांच्या देवळात, दोघांच्या मुलाचं प्रेत समोर आहे, सर्सी नको म्हणतेय आणि हा थांबत नाही, आणि हे हात तुटल्यानंतरचं आहे, ब्रिएनसाठी अस्वलाच्या खड्ड्यात उडी मारल्यानंतरचं. फॅन लोक तो सीन सोयीने विसरतात, मी नाही विसरणार. सहाव्या सीझनला रिव्हररनचा किल्ला घेताना तिथल्या कैदेतल्या सरदाराला, एडम्युरला, सांगतो की तुझं तान्हं बाळ गोफणयंत्रात घालून किल्ल्यावर फेकीन, कारण मला सर्सीकडे परत जायचंय. आठव्या सीझनला निघताना ब्रिएनला तो हीच यादी ऐकवतो, ब्रॅन, चुलतभाऊ, रिव्हररन, सगळं सर्सीसाठी, आणि म्हणतो ती वाईट आहे आणि मी पण. त्याने स्वतःच सांगितलंय हो. त्याला स्वतःबद्दल जेवढं माहीत होतं तेवढं आपल्याला मान्य करायचं नाहीये.

पत्र जाळलं ते पुस्तकातल्या जेमीने. तो वेगळा माणूस आहे, त्याच्या नावावर याला मार्क देऊ नका.

रावपुरा_काका:

सुनेने बघायला लावली ही मालिका, पहिले दोन भाग मी नाक मुरडत बघितले आणि मग माझाच क्रिकेट बघायचा वेळ त्यात गेला. माझं मत थोडं वेगळ्या बाजूचं आहे.

अंगरक्षकाने धन्यावर तलवार चालवणं म्हणजे काय हे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारलं, पोरगा काकाच्या कमरेला मिठी मारून बसला होता तरी मारलं. ज्यांना वाड्याच्या पहाऱ्याला ठेवलेलं त्यांनीच. पण त्यानंतर काय झालं ते बघा, रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, कोणी केलं, कोणाच्या सांगण्यावरून केलं याचा छडा लावला आणि सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं आणि पुणं सोडून गेले. आता ब्रॅनचा बाप नेड स्टार्क बघा. एवढा न्यायी म्हणून त्याचा डंका, दरबारात येतो, मेलेला राजा बघतो, तलवार हातात घेतलेला जेमी बघतो आणि मनातल्या मनात निकाल लावून मोकळा. एक प्रश्न विचारला नाही. स्वतःच्या बापाला आणि भावाला त्याच राजाने त्याच दरबारात हालहाल करून मारलेलं असताना सुद्धा विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, का मारलंस?

पुढचा जेमी कसा झाला त्याचं मूळ मला तिथे दिसतं. ज्या एका गोष्टीसाठी त्याला मान मिळायला हवा होता तिच्याच नावाने लोक थुंकले. मग माणूस म्हणतो, ठीक आहे, जिला मी आहे तसा चालतो तिच्याकडे जातो.

फाइनआर्ट्सवाली:

काका, गारद्यांचं उदाहरण मला पटत नाही, ते कोणाला तरी गादीवर बसवायच्या कारस्थानातले होते आणि समोरचा पोरगा निःशस्त्र होता. पण नेडने विचारलं नाही हे एकदम बरोबर. एरिसनंतर राजा झालेल्या रॉबर्टने तर विचारलं होतं हो! पहिल्या सीझनला तिसऱ्या एपिसोडमध्ये, मजा म्हणून, की भोसकलंस तेव्हा वेडा राजा काय बोलला? आणि जेमी खरं तेच सांगतो, सगळ्यांना जाळून टाका, तासन्‌तास म्हणत होता तेच. पुढचा प्रश्न समोरच पडलाय, म्हणजे काय, कोणाला जाळा, कशाने? रॉबर्ट विचारतच नाही. पहिल्यांदा बघताना आपल्याला पण ते नुसतं वेड्याचं बडबडणं वाटतं, दुसऱ्यांदा बघताना काटा येतो.

कोठीवरचा_वकील:

काकांना आदर ठेवून विरोध करतो. त्याला विचारलं नाही हे त्याचं दुःख झालं, पण शहराखाली साठा तसाच पडलाय हे ज्या माणसाला माहितीये त्याने गप्प बसायचं? मान गेली म्हणून रुसून बसला आणि वरती लोक संसार करतायत, पोरं खेळतायत, खाली वाइल्डफायर. याला मी वाचवणं म्हणत नाही, पुढे ढकलणं म्हणतो. सहाव्या सीझनच्या शेवटी सर्सीने बेलॉरचं सेप्ट उडवलं ते कशाने उडवलं? एरिसच्याच साठ्याने. जेमीने त्याच वर्षी तोंड उघडलं असतं तर ते खणून काढलं गेलं असतं आणि राणी मार्जरी आणि ते शेकडो लोक वाचले असते. तिच्या नवऱ्याने, राजा टॉमेनने, खिडकीतून उडी मारली नसती. म्हणजे स्वतःचा मुलगा.

माझ्यासाठी त्याचा सगळ्यात मोठा गुन्हा ब्रॅन नाही आणि सर्सीकडे परत जाणं पण नाही. गप्प राहणं आहे.

रावपुरा_काका:

वकीलसाहेब, सांगून झालं काय असतं? आपल्याच गावात 1875 ला मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटला विष घालायचा प्रयत्न केला म्हणून कमिशन बसलं, विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन बचावाला आले, सहा जणांच्या कमिशनमध्ये तीन इंग्रज दोषी म्हणाले आणि शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव, तिघांनी आरोप सिद्ध मानला नाही. तीनास तीन. तरी महाराजांना गादीवरून काढलंच, विषाचं सिद्ध झालं नाही तर गैरकारभाराचं कारण पुढे केलं. मल्हारराव चांगले राजे होते असं मी मुळीच म्हणत नाही. पण ज्याला काढायचंच ठरलंय त्याच्यापुढे साक्षीपुरावे कितीही मांडा. जेमी बापाचा मुलगा, बापाने त्याच दिवशी शहर लुटलेलं. त्याचं कोण खरं मानणार होतं?

सयाजीगंज_रातकिडा:

थांबा थांबा, तो गप्प नव्हता! टिरियनला सांगितलं होतं. सहाव्या सीझनचा नववा एपिसोड परत बघा, मीरीन शहरात टिरियन डॅनीला, म्हणजे एरिसच्या मुलीला, सांगतो की माझ्या भावाने मला सांगितलंय, तुझ्या बापाने रेड कीप राजवाड्याखाली, सेप्टखाली, मोठ्या रस्त्यांखाली सगळीकडे वाइल्डफायर ठेवलं होतं, म्हणून जेमीने त्याला मारलं. जागांची नावं घेऊन सांगतो. आणि लगेच पुढच्या एपिसोडला तेच सेप्ट उडतं.

आता याचा अर्थ काय होतो बघा. टिरियन दुसऱ्या सीझनला त्याच शहरात हॅन्ड, म्हणजे राजाचा मुख्य कारभारी, होता, हातात सगळा कारभार, वाइल्डफायरने तर त्याने शत्रूचं आरमार जाळलं, पण जुना साठा काढून टाकावा हे त्याने केलं नाही. (की तेव्हा लेखकांनीच हे ठरवलं नव्हतं, असू शकतं.) आणि डॅनीला माहितीये! मग आठव्या सीझनला स्टार्कांच्या किल्ल्यात, विंटरफेलला, जेमी समोर उभा राहतो, ती म्हणते माझ्या बापाला मारणारा हाच, आणि टिरियन शेजारी बसलाय, आणि तिघांपैकी एकही जण त्या कारणाचा उच्चार करत नाही. जेमी पण नाही. ब्रिएन उठून बोलते ते पण हात कसा गेला, ब्रॅनच्या बहिणीला, सान्साला, शोधायला मला तलवार कोणी दिली, एवढंच. मला तो सीन भयानक वाटतो. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आणि बोलायला कोणी नाही.

कोठीवरचा_वकील:

मग तर आणखी वाईट झालं ना. टिरियनवर अर्धी जबाबदारी टाका, मला चालेल. पण सहाव्या सीझनचा शेवटचा एपिसोड घ्या. जेमी घोड्यावरून येतो, लांबून सेप्टच्या जागी धूर दिसतो. जगात एकाच माणसाला तो धूर बघून काय झालंय ते बरोबर कळणार, तो हा. ज्या आगीसाठी त्याने राजा मारला, नाव घालवलं, तीच आग त्याच्या बहिणीने लावली. आत जातो तर ती मुकुट घालून सिंहासनावर बसतेय. आणि हा खांबाजवळ उभा राहून बघतो. नुसता बघतो. सातवा सीझन पूर्ण तिच्या फौजा घेऊन लढतो, हायगार्डनचा किल्ला घेतो, मार्जरीची आजी ओलेना मरता मरता त्याला सांगून जाते की ही बाई म्हणजे रोग आहे. तरी नाही. तो तिला सोडतो कधी, तर उत्तरेला फौज पाठवायचा शब्द ती मोडते तेव्हा.

एरिसला मारायला एक क्षण लागला, सर्सीपुढे एक शब्द निघाला नाही. तुम्ही जो प्रश्न विचारलाय ना दांडियाबाजार ताई, त्याचं उत्तर आठव्या सीझनला शोधू नका, तो तिथे फक्त बोलून दाखवतो. ठरलं सहाव्यातच.

दांडियाबाजारची:

हे मला एकदम लागलं. म्हणजे लोकांची पर्वा नव्हती हे वाक्य खोटं नाही, ते सेप्टच्या धुरानंतर खरं झालेलं वाक्य आहे असं धरायचं. तरुण असताना होती पर्वा, नाहीतर राजाला मारून गप्प कशाला बसला असता, फायदा तरी घेतला असता. मग एवढ्या वर्षांत ती झिजत गेली आणि ज्या दिवशी सर्सीसमोर ती दाखवायची वेळ आली तेव्हा उरलेलीच नव्हती. मला हे लेखकांनी वाट लावली यापेक्षा जास्त पटतंय, आणि जास्त त्रास पण होतोय.

पण एक सांगा, शेवटच्या एपिसोडला ब्रिएन किंग्जगार्डच्या, म्हणजे राजाच्या अंगरक्षकांच्या, पोथीत त्याचं पान पुरं करते, त्यात ती लिहिते की राजधानी विनाशापासून वाचवायला दक्षिणेला गेला. ती तर त्याच्यासमोर रडत उभी होती, तो कशासाठी गेला ते तिने स्वतःच्या कानाने ऐकलंय. मग असं का लिहिलं?

सयाजीगंज_रातकिडा:

कारण टिरियनने त्याला डॅनीच्या कैदेतून सोडवलं ते त्याच अटीवर, सर्सीला घेऊन पळ, घंटा वाजव, शहर शरण आलं असं कळू दे. तो घंटेसाठी निघालाच होता की. खोटं नाहीये ते.

फाइनआर्ट्सवाली:

ब्रिएनने रिव्हररनचं पण लिहिलंय, एकही जीव न गमावता किल्ला घेतला म्हणून. बाळाच्या धमकीचं नाही लिहिलं. आणि तिच्या काकाचा, म्हणजे ब्लॅकफिशचा, जीव तर तिथेच गेला. मी तिला दोष देत नाहीये, मला ती या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडते, पण तिने लिहिलेलं पान हे प्रेमातल्या बाईने लिहिलेलं पान आहे.

रावपुरा_काका:

तिच्या नाही गं, ब्लॅकफिश ब्रॅनच्या आईचा, केटलिनचा, काका. बाकी बरोबर. पण त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारी तेवढी एकच होती, तिने लिहिलं तर मला चालतं.

कोठीवरचा_वकील:

मला नाही चालत काका. ऐकून घेतलं तर दोन्ही बाजूंचं लिहायचं. ब्रॅन तर त्याच वेळी राजा झालेला आहे, त्याला पण विचारायला हवं होतं त्या पानाबद्दल.

दांडियाबाजारची:

ब्रॅनने गॉड्सवुडमध्ये, त्या देवराईत, सांगितलंच होतं की तेव्हा ढकललं नसतंस तर तू आज आहेस तसा झाला नसतास आणि मी पण नाही. त्याच्या मनात राग होता असं मला कुठेच दिसलं नाही, पण राग नसणं म्हणजे माफी का हे मी आज रात्री नणंदेला विचारणार आहे, तिचं उत्तर उद्या इथेच टाकते. सहावा सीझन परत लावतोय, तो धुराचा सीन आता दोघी नीट बघू.