परदेशी दत्तक: मुलीचं घर ठरल्यावरही कागदांची फेरी किती काळ चालावी?

एरंडवणे_ताई (धागाकर्ती):
भाऊ-वहिनी न्यू जर्सीत असतात. दोघेही अमेरिकन नागरिक, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्डवाले. पुण्यातल्या एका संस्थेतली सहा वर्षांची मुलगी त्यांना 'कारा' या दत्तकाच्या केंद्रीय सरकारी संस्थेमार्फत सुचवली गेली आणि त्यांनी ती स्वीकारली. इथली धावपळ माझ्याकडे आहे.

मूल दत्तक जायला खरोखर मोकळं आहे का, ही तपासणी कितीही कडक असू द्या. त्यात एक पायरीही कमी करू नये. पण एकदा मुलीचं घर ठरलं, की मोठ्यांच्या कागदांतल्या काना-मात्र्यावरून तिचे महिने घालवायचा हक्क कोणालाच नाही.

वहिनीचं नाव आपल्याकडच्या रीतीप्रमाणे लग्नात बदललं. दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं. पासपोर्टवरही सासरचंच, पण आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडली, प्रतिज्ञापत्र जोडलं. एका ठिकाणी ते चाललं, दुसऱ्या ठिकाणाहून परत आलं: नवीन करा, तिकडेच नोटरी करा, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) लावून पाठवा. ते होईपर्यंत वैद्यकीय दाखला जुना झाला, तो पुन्हा काढा. इकडे संस्थेतल्या ताई सांगतात, मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो दाखवून 'हे माझे आईबाबा' म्हणते. तिला पहिलीत घालायचं की थांबायचं, हेही कोणी ठरवू शकत नाहीये.

निवृत्त_समाजसेविका:
ताई, तुमची तगमग समजते, पण मी पूर्ण असहमत आहे. ही व्यवस्था उगाच उभी राहिलेली नाही. परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्यावरून १९८४ साली न्यायालयाने नियम घालून दिले. त्यानंतरही आपल्या पुण्यातल्याच एका संस्थेच्या परदेशी दत्तकांचा तपास सीबीआयला करावा लागला. ज्यांनी ते दिवस पाहिलेत, त्यांना ताक फुंकून प्यावंच लागतं.

कागदावरची बाई आणि समोरची बाई एकच आहे का, हे मुलीच्या वतीने विचारणारं दुसरं कोण आहे? मूल देशाबाहेर गेलं की आपल्या हातात उरतात ते पाठपुराव्याचे अहवाल. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. पुढे दार वाजवायला आपण जाऊ शकत नाही. म्हणून जे विचारायचं ते आधीच विचारायला हवं.

हडपसर_प्रतीक्षेत:
माझा प्रश्न वेगळा आहे. आम्ही नवरा-बायको नोंदणी करून गेली काही वर्षं यादीत आहोत. गृहभेट अहवाल झाला, मुलाखत झाली, फोनची वाट पाहतोय. इथले पालक रांगेत असताना मुलं परदेशी जातातच कशी? भाषा सुटणार, माणसं सुटणार. आधी आम्हाला द्या, मग कागदांचं बोला.

शिवाजीनगर_वकील:
दादा, कायदा तेच सांगतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ५९ पाहा. मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर झाल्यावर ६० दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तरच ते परदेशी दत्तकासाठी मोकळं होतं. त्यातही अनिवासी आणि ओसीआय पालकांना प्राधान्य आहे. पाच वर्षांवरची मुलं, भावंडं आणि अपंग मुलं यांना परदेशी दत्तकात पुढे घेता येतं, कारण इथे बहुतेकांना दोन वर्षांखालचंच बाळ हवं असतं. तुम्ही नोंदणी करताना कोणता वयोगट भरला होता?

ताईंसाठी: दुरुस्तीनंतर १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि अर्ज दोन महिन्यांत निकाली काढणं कायद्याने अपेक्षित आहे. तुमचा वेळ त्याच्या आधी, 'कारा'च्या ना-हरकत प्रमाणपत्रापर्यंतच्या टप्प्यात चाललाय. तिथे त्रुटी सुटी-सुटी कळवतात, हा माझाही अनुभव आहे.

हडपसर_प्रतीक्षेत:
दोन वर्षांखालचं भरलं होतं. घरच्यांचा आग्रह होता. तरीही मूल देशातच राहावं, हे मत बदललेलं नाही.

पुण्यात_वाढलेली:
मी दत्तक आहे. मला इथल्याच एका मराठी घराने वाढवलं. तुम्ही सगळे पालकांच्या कागदांवर भांडताय. माझ्या फाइलमध्ये आईबाबांची मिळकत, तब्येत, शेजाऱ्यांची शिफारस सगळं आहे. माझ्याबद्दल एकच पान: अंदाजे वय, वजन, दाखल केल्याची तारीख. कोणी आणलं, अंगावर काय होतं, नाव कोणी ठेवलं, काही नाही. मूळ शोधायचा हक्क नियमांत आहे, पण शोधायला सुरुवात कुठून करू?

ताई, 'ए'साठी भांडा, जरूर भांडा. पण त्याआधी त्या मुलीच्या फाइलमध्ये काय आहे ते विचारा. बेवारस सापडलेल्या मुलाची फोटोसह जाहिरात पेपरात द्यावी लागते. ते कात्रण असेल तर त्याची प्रत मागा. न्यू जर्सीतून वीस वर्षांनी ती मिळणार नाही.

एरंडवणे_ताई:
हे कोणीच सुचवलं नव्हतं. उद्याच संस्थेत विचारते.

समाजसेविका मॅडम, तपासणी नको असं मी म्हणतच नाहीये. मागणी इतकीच: त्रुटी एकदाच, लेखी आणि सगळ्या एकत्र कळवा. एका कार्यालयाने पडताळलेला कागद दुसऱ्याने मान्य करावा. आणि फाइल तुमच्या टेबलावर असताना संपलेली मुदत पालकांच्या माथी मारू नका.

निवृत्त_समाजसेविका:
पहिली मागणी रास्त आहे. त्यासाठी अर्ज द्या, मीही सही करेन. दुसरी मान्य नाही, कारण एकाने डोळे झाकून मारलेला शिक्का पुढच्या सगळ्यांनी चालवला, असंच पूर्वी होत असे. आणि मुदतीचं म्हणाल तर फाइल कोणाच्या टेबलावर होती यावर माणसाची तब्येत ठरत नाही. दीड वर्षापूर्वीचा दाखला धरून मूल दिलं आणि मधल्या काळात वडिलांना मोठा आजार निघाला असेल, तर सहा वर्षांच्या पोरीला आपण काय सांगणार? पुन्हा तपासणीचा खर्च पालकांवर पडू नये, एवढं म्हणा. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.