विकिपीडियावर मराठवाड्यातल्या पानांवर उत्पात: उलटवलं तरी परत तेच, काय करावं?

दुधनाकाठ यांचा प्रश्न:

मराठी विकिपीडियावरची बीड, लातूर, हिंगोली भागातल्या तालुक्यांची आणि गावांची पानं पहाऱ्याच्या सूचीत (जिथं लक्ष ठेवलेल्या पानांचे बदल दिसतात) टाकलेली आहेत. अडचणी अशा आहेत. एका तालुक्याच्या पानावर इतिहासाचा विभाग उडवून तिथं शिव्या लिहिल्या गेल्या. ‘उलटवा’ दाबलं तर मधल्या संपादनांमुळे बदल उलटवता येत नाही, असा संदेश येतो. दुसरं म्हणजे लोकसंख्या, पिनकोड, साल असे आकडे कुणीतरी बदलतं आणि ते लवकर लक्षातच येत नाही. तिसरं, एका जिल्ह्याच्या पानावर माहितीचौकटीत भलताच फोटो दिसतोय, पण संपादन उघडलं तर त्या फोटोचं नावसुद्धा सापडत नाही. चौथी भानगड नावांची: औरंगाबाद-संभाजीनगर, उस्मानाबाद-धाराशिव. यातलं कशाला उत्पात म्हणायचं, कशाला नाही, आणि प्रचालकांकडे (विकिपीडियाच्या अ‍ॅडमिनकडे) कधी जायचं? पायऱ्यांसकट सांगितलं तर बरं होईल. संगणकावरूनच काम करतो, मोबाईलवरून नाही.

---

सिंदफणा:

आधी पहिली अडचण. ‘उलटवा’ हा दुवा फक्त तेवढाच एक बदल काढायला बघतो. नंतर कुणी त्याच ओळींना हात लावला असेल तर त्याला ते जमत नाही आणि तो संदेश येतो. अशा वेळी ‘इतिहास पहा’वर जा आणि उत्पाताच्या आधीची शेवटची धड आवृत्ती शोधा. डावीकडच्या गोल खुणांपैकी एक त्या आवृत्तीवर आणि दुसरी सगळ्यात ताज्या आवृत्तीवर ठेवून तुलना करा. दोन्हींमधला फरक पूर्ण वाचा, नुसता वरवर चाळू नका.

सगळाच फरक घाण असेल तर जुन्या आवृत्तीच्या तारखेवर टिचकी मारा, ‘संपादन’ उघडा (वर ‘ही जुनी आवृत्ती आहे’ असा इशारा दिसेल) आणि बदल प्रकाशित करा. मध्ये कुणी चांगली भर घातली असेल तर मात्र तीही या झटक्यात उडते. ती आधी वेगळीकडे उतरवून ठेवा आणि पान पूर्ववत केल्यावर हातानं परत घाला. बहुतेक जण इथंच चुकतात. शिव्या जातात, पण त्यांच्यासोबत कुणी मेहनतीनं दिलेले दोन संदर्भही जातात.

‘द्रुतमाघार’ची सोय असेल तरी सावध राहा. ती शेवटच्या माणसाची लागोपाठची सगळी संपादनं एका टिचकीत काढते, पण त्याच्या आधीच्या माणसाच्या आवृत्तीवर नेऊन सोडते. तो आधीचा माणूसही उत्पाती असेल, किंवा तोच गडी दुसऱ्या खात्यावरून आलेला असेल, तर तुम्ही उत्पातावरच थांबलात आणि वर शिक्कामोर्तब केलंत. पुढचा बघणारा म्हणतो, याकडे कुणीतरी पाहिलेलं आहे, आणि पुढं जातो. शिव्या वर्ष वर्ष पानात राहतात त्या अशाच.

आणखी एक. पहाऱ्याच्या सूचीत मूळ मांडणीत प्रत्येक पानाचा फक्त सगळ्यात ताजा बदल दिसतो, आणि सांगकाम्यांचे (आपोआप संपादन करणाऱ्या बॉट खात्यांचे) बदल लपवलेले असू शकतात. उत्पातानंतर एखादा सांगकाम्या येऊन वर्ग नीट करून गेला, तर तो उत्पात तुमच्या सूचीत दिसेलच असं नाही. पसंतीमध्ये पहाऱ्याच्या सूचीच्या रकान्यात ‘फक्त ताजा नव्हे, सगळे बदल दाखवा’ अशा अर्थाची खूण आहे, ती करा.

---

मांजरा:

आकड्यांचं मी सांगतो, कारण खरा धोका तिथंच आहे. शिवी कुणालाही दिसते. किल्लारी भूकंपाचं साल १९९३ चं १९९५ केलं, तर ते शाळेच्या प्रकल्पांत उतरतं.

इतिहासात प्रत्येक बदलापुढे कंसात अधिक-उणे आकडा असतो. तो अक्षरांचा नसून बाइटचा असतो. देवनागरीचं एक अक्षर, एक मात्रा, एक अंक प्रत्येकी ३ बाइट घेतो. म्हणजे −३,००० दिसलं तर अंदाजे हजारेक चिन्हं गेली, एखादा मध्यम परिच्छेद. पण देवनागरी अंकाच्या जागी दुसरा देवनागरी अंक टाकला की फरक शून्य. म्हणून खातं नसलेल्या माणसाचा, सारांश न लिहिलेला, शून्य बाइटचा बदल दिसला की तो आधी उघडायचा. इंग्रजी अंक काढून देवनागरी केले असतील तर दर अंकामागे +२ येतं. तो बहुधा साधा सुधार असतो, तरी आकडा तोच आहे का ते बघा.

पडताळायला काही ठोकताळे:

२०२१ च्या जनगणनेचा आकडा दिसला की तो खोटा किंवा अंदाजे आहे, कारण ती जनगणना झालीच नाही. गावाच्या पानावर २०११ चाच आकडा हवा. हिंगोली जिल्हा ११,७७,३४५, बीड जिल्हा २५,८५,०४९. पिनकोड मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी ४३१ किंवा ४१३ ने सुरू होतो: नांदेड ४३१६०१, परभणी ४३१४०१, लातूर ४१३५१२, धाराशिव ४१३५०१. ४४ ने सुरू होणारा दिसला तर तो विदर्भातला. वाहन क्रमांकांत बीड २३ आणि लातूर २४ यांची अदलाबदल नेहमीची, आणि अंबाजोगाईचा ४४ वेगळा आहे हे ठाऊक नसल्यानं लोक तो ‘दुरुस्त’ करून २३ करतात.

त्यातही बदललेला प्रत्येक आकडा उत्पात नसतो. जायकवाडी धरणाचा एकूण साठा २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि उपयुक्त साठा २,१७१ दलघमी. टीएमसीत (अब्ज घनफुटांत) सांगायचं तर एक १०२ च्या वर, दुसरा ७६ च्या वर (१ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी). बातम्यांत टक्केवारी उपयुक्त साठ्याची येते, म्हणून कुणीतरी १०२ खोडून ७६ करतो, दुसरा परत १०२ करतो, आणि दोघं एकमेकांना उत्पाती म्हणतात. तिथं दोन ओळी हव्यात, एकूण आणि उपयुक्त. किल्लारीच्या मृतांचंही तसंच: ७,९२८ आणि ९,७४८ हे दोन्ही आकडे छापील साधनांत सापडतात. संदर्भासह दोन्ही द्या, भांडण तिथंच संपतं.

---

बालाघाटी:

फोटोचं कोडं: माहितीचौकटीतला सगळा मजकूर पानातच असतो असं नाही. तो आणखी दोन ठिकाणांहून येऊ शकतो.

एक, साचा, म्हणजे अनेक पानांत वापरायचा तयार मजकूर. संपादन उघडून खाली जा, त्या पानावर वापरलेल्या साच्यांची यादी दिसेल. एकेकाचा इतिहास बघा. एक साचा बिघडला की तो वापरणारी सगळी पानं एकदम बिघडतात, म्हणून शेजारच्या जिल्ह्याचं पान उघडून तिथंही तोच फोटो दिसतो का ते आधी बघावं. दिसला तर साचाच. बहुतेकदा मुख्य साचा सुरक्षित केलेला असतो, पण त्याच्या पोटातला एखादा उपसाचा उघडा राहिलेला असतो. घुसणारा तिथूनच घुसतो.

दोन, विकिडाटा, म्हणजे सगळ्या भाषांच्या विकिपीडियांचा सामायिक माहितीसाठा. फक्त एकाच पानावर बिघाड असेल तर बहुधा हेच. पानाच्या साधनांमध्ये विकिडाटा कलमाचा (त्या विषयाच्या नोंदीचा) दुवा असतो, तिथं जाऊन चित्राच्या रकान्यात कुणी काय केलं ते त्याच कलमाच्या इतिहासात सापडतं. उलटवायचं तेही तिथंच. त्याचा फायदा असा की इंग्रजी, हिंदी आणि इतर भाषांतल्या ज्या पानांत ते चित्र तिथून येतं, तीही सुधारतात. पहाऱ्याच्या सूचीत विकिडाटाचे बदल दाखवण्याची सोय पसंतीत आहे. ती चालू केली की गर्दी वाढते, पण जिल्ह्यांच्या पानांसाठी गरजेची आहे.

सुधारलं तरी जुनाच फोटो दिसत राहिला तर घाबरू नका, पानाची साठवलेली प्रत दिसतेय. पान संपादनाला उघडा, काही न बदलता प्रकाशित करा. इतिहासात नोंद होत नाही, पण पान नव्यानं बांधलं जातं.

---

दुधनाकाठ:

विकिडाटाच निघालं, उलटवलं. धन्यवाद बालाघाटी सर.

पण तालुक्याच्या त्या पानावर परत तोच प्रकार झाला, आणि या वेळी नाव वेगळं. ~ असं चिन्ह, मग वर्ष, मग आकडे. अंकपत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) दिसतच नाही. मग अडवायचं कुणाला? पानच कायमचं कुलूपबंद करून घ्यावं का?

---

गोदातीर:

ते तात्पुरतं खातं आहे. खातं न उघडता संपादन केलं की हल्ली अंकपत्त्याऐवजी असं नाव लागतं. ते ब्राउझरच्या कुकीला बांधलेलं असतं आणि जास्तीत जास्त ९० दिवस टिकतं. कुकी पुसली किंवा खासगी खिडकी उघडली की नवं नाव. म्हणून दोन वेगळी नावं म्हणजे दोन वेगळी माणसं असं धरू नका, आणि एकच माणूस आहे असंही छातीठोकपणे लिहू नका. आतला अंकपत्ता प्रचालकांना आणि तशी परवानगी असलेल्यांना बघता येतो. तुम्ही फक्त दोन्ही नावं आणि साम्य कळवायचं: तेच पान, तोच विभाग, तीच शिवी, तीच चुकीची वेलांटी.

अंकपत्ता कळला तरी लांबची बंदी बरी नाही. मोबाईल कंपन्यांच्या जाळ्यात एका पत्त्यामागे खूप जण असतात आणि पत्ता फिरत राहतो. महिनाभर बंदी घातली तर मूळ उत्पाती दुसऱ्या पत्त्यावर गेलेला असतो आणि अडकतो भलताच विद्यार्थी.

निवेदन देताना प्रचालकाचं काम कमी होईल असं लिहा. पानाचा दुवा, दोन-तीन फरकांचे दुवे, खात्यांची नावं, चर्चा पानावर ताकीद दिली का आणि त्यानंतरही संपादन झालं का. ‘फार त्रास चालू आहे, लवकर काहीतरी करा’ एवढंच असेल तर प्रचालकाला सगळा इतिहास पहिल्यापासून उकरावा लागतो आणि काम मागं पडतं. स्थानिक प्रचालक कुणी जागेवर नसतील आणि पानामागून पान बिघडत असेल, तर मेटा-विकीवर (सगळ्या विकींच्या समन्वयाची साइट) स्ट्युअर्डांना, म्हणजे सगळ्या विकींवर अधिकार असलेल्या सदस्यांना, कळवता येतं.

कुलूप लावायचं तर अर्धं: फक्त स्वयंनिश्चित सदस्यांना संपादन करता येईल असं. त्यासाठी बहुतेक विकींवर खातं ४ दिवसांचं लागतं, काही विकींवर १० संपादनंही. मुदत आठवडाभर मागा.

---

मांजरा:

आठवड्यानं काय होणार? ग्रामपंचायत निवडणुकीचा गुलाल खाली बसेपर्यंत ही मंडळी येतच राहतात. महिना तरी मागा.

---

गोदातीर:

जिल्ह्याच्या पानाला महिना चालेल. गावाच्या पानाला नको. गावाचं पान लिहिणारा माणूस बहुतेक वेळा नवाच असतो, आणि तोच बाहेर राहिला तर पानात ‘हे एक गाव आहे’ एवढंच उरतं.

गावाच्या पानावर येतं त्यातलं निम्मं तर उत्पात म्हणण्यासारखं नसतंच. ‘गावातील प्रसिद्ध व्यक्ती’ म्हणून स्वतःचं आणि चार मित्रांचं नाव, सरपंचांचं कौतुक, यात्रेचं निमंत्रण. ते काढायचंच, पण सारांशात ‘उत्पात’ न लिहिता ‘संदर्भ नाही’ लिहा, आणि चर्चा पानावर धूळपाटीचा (सरावाच्या पानाचा) दुवा द्या. शिवी देणाऱ्याला उलट काहीच लिहू नका, सारांशात टोमणाही नको. त्याला तेवढंच हवं असतं.

---

पूर्णाकाठी:

नावांचं राहिलंच की.

शहरांच्या नामांतराला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मधली, आणि जिल्हा-विभागांची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मधली. म्हणजे आजच्या संदर्भात छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव लिहिणं हा उत्पात नाही. जुन्या संदर्भात जुनं नाव ठेवणं हाही नाही. १९४८ च्या मुक्तिसंग्रामाबद्दलच्या वाक्यात त्या काळचं नाव राहू द्यावं, हवं तर पुढं ‘आताचे धाराशिव’ लिहावं. यावर कुणी अडून बसला तर चर्चा पानावर जा. आपलं मत पटत नाही म्हणून त्याला उत्पाती ठरवलं तर प्रचालक दोघांनाही थांबवतात, आणि ते बरोबरच आहे.

नुकसान होतं ते शोधा-आणि-बदला करणाऱ्यांमुळे. औरंगाबाद शब्द दिसेल तिथं बदलत सुटलं की चित्राच्या फाइलचं नाव बदलतं आणि चित्राच्या जागी लाल दुवा येतो. संदर्भातल्या पुस्तकाचं शीर्षक बदलतं, मग ते पुस्तक कुठल्याच ग्रंथालयात सापडत नाही. आणि बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे, तोही संभाजीनगर होऊन बसतो! हेतू चांगला असला तरी असं संपादन पूर्ण उलटवा आणि त्या सदस्याला नेमकं काय मोडलं ते सांगा.

पानाचं शीर्षकच हलवलं असेल तर मजकूर उचलून जुन्या नावाखाली डकवू नका. इतिहास दोन जागी फुटतो आणि मग तो जोडायला प्रचालक लागतो. स्थानांतरण उलट दिशेनं करा. जुन्या नावावर फक्त पुनर्निर्देशनाची एकच नोंद असेल आणि ते याच पानाकडे जात असेल, तर साध्या सदस्यालाही पान परत नेता येतं. त्या पुनर्निर्देशनात कुणी एक टिंब जरी टाकलं, तरी वाट बंद होते. म्हणून ते नीट करायच्या नादात तुम्हीच त्याला हात लावू नका.

---

सिंदफणा:

एक राहिलं. कुणाचा मोबाईल नंबर, घरचा पत्ता किंवा मुलीचं नाव घालून घाणेरडा मजकूर आला असेल, तर नुसतं उलटवणं पुरत नाही, कारण इतिहासात तो नंबर कुणालाही वाचता येतो. उलटवताना सारांशात तो नंबर परत लिहू नका. आणि चावडीवर (सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर) जाहीर निवेदन तर अजिबात देऊ नका, तिथं दुवा दिला की आणखी पन्नास जण बघून येतात. प्रचालकाला ‘या सदस्याला ई-मेल पाठवा’ या दुव्यानं कळवा, फरकाचा दुवा द्या आणि ती आवृत्ती लपवायला सांगा. प्रचालकांना ती वाचकांपासून लपवता येते. प्रचालकांनाही दिसू नये इतकं गंभीर असेल तर ते काम स्ट्युअर्डांचं, त्यांच्यासाठी वेगळा ई-मेल पत्ता मेटा-विकीवर दिलेला आहे. नंबर घालणारं संपादन आणि तुम्ही उलटवलेलं संपादन यांच्या मध्ये आणखी संपादनं झाली असतील तर त्या प्रत्येक आवृत्तीत तो नंबर आहे, तेव्हा पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे दुवे एकाच ई-मेलमध्ये पाठवा.